शागाल, मार्क

(७ जुलै १८८७ – २८ मार्च १९८५). आधुनिक ज्यू चित्रकार. जन्म व्हिटेब्स्कजवळच्या ल्योझ्ना गावी. हा मुलूख तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज बेलारूसमध्ये आहे. घर हसिडिक या भक्तिमार्गी ज्यू पंथाचे. वडील हेरिंग माशांच्या वखारीत राबत, आई किराणा दुकान चालवी. नऊ भावंडांत मार्क थोरले. व्हिटेब्स्कला येहुदा पेन आणि सेंट पीटर्सबर्गला लेऑन बाक्स्त यांच्याकडे धडे घेऊन १९११ मध्ये ते पॅरिसला गेले.

पॅरिसमध्ये घनवादाशी, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणाऱ्या शैलीशी गाठ पडली, रंग धीट झाले. विषय मात्र गावाकडचेच राहिले. ‘मी आणि गाव’ (१९११) या तैलचित्रात हिरव्या चेहऱ्याचा माणूस आणि गाय समोरासमोर आहेत. दोघांचे डोळे जोडणारी बारीक रेघ जवळ गेल्यावरच दिसते. गायीच्या गालावर एक बाई धार काढत बसली आहे. मागे दोन घरे आणि एक स्त्री चक्क उलटी.

त्यांच्या चित्रांतली माणसे उडतात, म्हणून त्यांना स्वप्नरंजनात रमणारा चित्रकार ठरवले जाते. ते अपुरे आहे. ‘व्हिटेब्स्कवर’ या चित्रात पाठीवर झोळी घेतलेला म्हातारा छपरांवरून चालला आहे. दारोदार फिरणारा माणूस यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीत ‘घरांवरून जातो’. शागाल यांनी मायबोलीतला हा वाक्प्रचार जसाच्या तसा रंगवला.

गावी परतल्यावर १९१५ मध्ये बेला रोझेनफेल्ड यांच्याशी विवाह झाला. पुढे कितीतरी चित्रांत त्या दिसतात. रशियन क्रांतीनंतर शागाल यांनी व्हिटेब्स्कला कलाशाळा काढली, पण तिथे शिकवणारे अमूर्त चित्रकार मालेविच यांच्याशी न पटल्याने १९२० मध्ये गाव सोडले आणि पुढे ते पुन्हा फ्रान्सला गेले.

‘शुभ्र क्रूसारोहण’ (१९३८) मध्ये रंगांचा हा धनी जवळजवळ सगळे रंग आवरून घेतो. येशूच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल आहे; भोवती पेटलेले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर), जीव घेऊन पळणारी माणसे. १९४१ मध्ये शागाल यांनाही नाझींपासून वाचण्यासाठी अमेरिका गाठावी लागली. तिथे १९४४ मध्ये बेला वारल्या आणि कित्येक महिने त्यांनी कुंचला हाती धरला नाही.

फ्रान्सला परतल्यावर ते रंगीत काचेकडे वळले. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील १२ खिडक्यांत (१९६२) इस्राएलच्या १२ वंशांचे चित्रण आहे, पण मानवाकृती एकही नाही. पशुपक्षी, मासे, फुले आणि उजेड एवढ्यावरच सारे पेलले आहे. जर्मनीतील माइन्झच्या सेंट स्टीफन चर्चच्या निळ्या खिडक्यांचे काम मात्र वयाच्या नव्वदीनंतरचे. नाझी राजवटीत परागंदा झालेल्या या ज्यू चित्रकाराने जर्मन चर्चमध्ये निळा उजेड आणला, आणि ते काम अखेरच्या वर्षांपर्यंत चालू ठेवले.