सिम्स ३ की सिम्स ४? आकडा पुढचा, पण खेळ दुसरा

कॉम्प्युटरवर माणसांचं आयुष्य चालवायच्या 'सिम्स' या गेममालिकेत 'सिम्स ४' हा 'सिम्स ३'नंतर आला, म्हणजे तो त्याचाच सुधारलेला अवतार असणार, असं धरून बरेच जण सुरुवात करतात आणि आठवड्याभरात हिरमुसतात. कुणाला चौथ्यात गाव सापडत नाही, तर कुणाला तिसऱ्यात माणसांचे चेहरे मख्ख वाटतात. दोघांचंही बरोबर असतं. तिसरा भाग जून २००९मध्ये आला आणि चौथा सप्टेंबर २०१४मध्ये, पण चौथा तिसऱ्याच्या पायावर उभारलेला नाही. तिसऱ्याच्या केंद्रस्थानी अख्खं गाव आहे. चौथ्याच्या केंद्रस्थानी एक खोली आणि त्या खोलीतल्या माणसाची मनःस्थिती आहे. दोन्हींतल्या चांगल्या गोष्टी आणि जवळपास सगळी दुखणी या एका फरकातून येतात.

वरवर पाहिलं तर साम्य भरपूर आहे. दोन्हीकडे माणूस घडवायचा, घर बांधायचं, नोकरी धरायची, संसार थाटायचा. भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सोबत आणि बाथरूम या सहा गरजा दोन्हीकडे त्याच. एका कुटुंबात माणसं जास्तीत जास्त आठ, प्लॉट मोठ्यात मोठा ६४ बाय ६४ चौकोनांचा. कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबून इंग्रजीत 'मदरलोड' टाइप केलं की दोन्हीकडे ५०,००० सिमोलियन (गेममधले पैसे) खात्यात पडतात. त्यामुळे पहिल्या तासाभरात फरक कळतच नाही. तो कळतो सिम, म्हणजे गेममधला माणूस, घराबाहेर पडला की.

'सिम्स ३'च्या सनसेट व्हॅली या गावात आई सायकलवर बसून बागेत निघाली, तर कॅमेरा तिच्या मागोमाग दारापासून बागेपर्यंत जातो, मध्ये एकदाही लोडिंगचा पडदा येत नाही. त्याच वेळी वडील ऑफिसात, मुलगा शाळेत आणि आजोबा समुद्रावर गळ टाकून बसलेले असतात. डाव्या बाजूच्या फोटोवर क्लिक करून त्यांतल्या कुणाकडेही जाता येतं आणि त्याला काम सांगता येतं. एम दाबला की गावाचा नकाशा, नकाशातल्या जागेवर क्लिक केलं की सिम निघाला. गाड्याही आहेत; चौथ्या भागात चालवायला गाडी नाहीच. एक मर्यादा मात्र आधीच माहीत असलेली बरी. तिसऱ्यातलं हॉस्पिटल, शाळा, पुस्तकांचं दुकान, थिएटर यांत आपल्याला शिरता येत नाही. सिम दारातून आत जातो, आपण बाहेरून इमारत बघत बसतो. गाव मोकळं आहे, पण त्यातल्या बऱ्याच इमारती बंद आहेत.

'सिम्स ४'मध्ये प्रत्येक प्लॉट हे स्वतंत्र बेट आहे. प्लॉटसमोरचा रस्ता, बाकडी, मासेमारीची तळी एवढं मोकळं. समोरच्या घरात पाऊल टाकायचं तर लोडिंगचा पडदा येतोच. न्यूक्रेस्ट या गावाचं उदाहरण घ्या. तिथे एकूण १५ प्लॉट आहेत, ते पाच-पाचच्या तीन वस्त्यांत विभागलेले, आणि एका वेळी खऱ्या अर्थाने चालू असतो तो एकच प्लॉट. घरी मागे राहिलेल्या माणसांना आपण बारीकसारीक कामं सांगू शकत नाही. फोटोवर क्लिक करून 'स्वतःची काळजी घे' अशा ठोक सूचना तेवढ्या देता येतात.

या बंदिस्तपणाचा मोबदलाही मिळतो, तो सहसा कुणी सांगत नाही. चौथ्यात विकत घेतलेली सगळी गावं एकाच सेव्हमध्ये, म्हणजे साठवलेल्या एकाच खेळात, असतात. विलो क्रीकमध्ये राहणारी बाई सकाळी सॅन मायशुनोच्या बाजारात आणि दुपारी सुलानीच्या समुद्रावर जाऊन आली, तरी तिची नाती जशीच्या तशी राहतात. तिसऱ्यात एका सेव्हमध्ये एकच राहतं गाव. कुटुंब दुसऱ्या गावी हलवलं की सोबत न आलेल्या मित्रांशी आणि नातेवाइकांशी असलेली नाती पुसली जातात. चार पिढ्यांचा गोतावळा जमवून मग गाव बदलणाऱ्यांना हे फार लागतं. एनरास या मॉडसंचातला (मॉड म्हणजे खेळाडूंनी बनवलेली गेमची जोड) 'ट्रॅव्हलर' घातला तर हे टळतं, पण तो गाव बदलायच्या आधी घालायचा, नंतर नाही.

शेजाऱ्यांचंही असंच आहे. तिसऱ्यात आपण लक्ष दिलं नाही तरी गावात लग्नं होतात, मुलं जन्मतात, माणसं नोकऱ्या बदलतात, एखादं कुटुंब गाव सोडूनही जातं. आवडतं कुटुंब गायब झालेलं नको असेल तर ही सोय पर्यायांत जाऊन बंद करा. चौथ्यात अशी काही व्यवस्था बराच काळ नव्हतीच; शेजारी म्हातारे होत आणि संपत. नोव्हेंबर २०२१मध्ये 'नेबरहुड स्टोरीज' आलं आणि २०२२मध्ये ते वाढवलं गेलं. आता कुणाला मूल व्हावं, कुणी घर बदलावं, कुणाला अजिबात हात लावू नये, हे कुटुंबागणिक ठरवता येतं. या एका बाबतीत चौथ्याचा ताबा तिसऱ्यापेक्षा चांगला आहे.

आता माणसांकडे वळू. तिसऱ्यात प्रौढ सिमला पाच स्वभावगुण मिळतात आणि ते वागण्यात ठळक दिसतात. हात चलाखीचा असेल तर तो पाहुणा म्हणून गेलेल्या घरातून वस्तू उचलतो, पाण्याची भीती असेल तर तलावाजवळ घाबराघुबरा होतो. चौथ्यात गुण तीनच, कारण भर भावनांवर आहे. प्रत्येक घटनेची एक छोटी नोंद सिमला चिकटते, प्रत्येक नोंदीला ठरावीक बळ असतं आणि ज्या भावनेची बेरीज जास्त ती त्या क्षणी राज्य करते. याचा उपयोग असा करायचा: ज्या चित्राला भावनिक प्रभाव आहे असं चित्र विकत घेऊन भिंतीवर लावा, त्यावर क्लिक करून प्रभाव सुरू करा, सिमला त्या खोलीत थोडा वेळ राहू द्या. तो 'प्रेरित' झाला की मगच त्याला कुंचला हातात घ्यायला सांगा. चित्रकलेचं कौशल्य भराभर वाढतं आणि चित्रंही चांगली उतरतात. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर 'एकाग्र', व्यायाम करायचा तर 'उत्साही' हवा. दुसरी बाजूही लक्षात ठेवा. हसरेपणा पार टोकाला गेला आणि वर आणखी विनोद चालू ठेवले, तर सिम हसता हसता मरतो. संताप आणि लाज या भावनांचंही तसंच. भावना टोकाला जाताना दिसली की सिमला आरशासमोर शांत व्हायला पाठवा किंवा झोपवा.

मात्र याच यंत्रणेमुळे चौथ्यातले सिम एकमेकांसारखे वाटतात ही तक्रार खरी आहे. तापट माणूस आणि आनंदी माणूस एकाच चित्रासमोर उभे केले की दोघेही सारखेच प्रेरित होतात. खोलीतली सजावट स्वभावावर मात करते. तिसऱ्यात मनःस्थिती म्हणजे वर-खाली होणारी एकच पट्टी आहे, म्हणून चेहरे सपाट वाटतात, पण माणूस वेगळा राहतो.

लहान मुलांच्या बाबतीत जुनी परीक्षणं वाचून निर्णय घेऊ नका. २०१४ला चौथा आला तेव्हा त्यात रांगती-चालती मुलं नव्हती, पोहण्याचे तलावही नव्हते. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, लहान मुलं जानेवारी २०१७मध्ये आणि तान्ही बाळं मार्च २०२३मध्ये आली, सगळं फुकट. आज बालपण चौथ्यातच जास्त भरलेलं आहे.

घर सजवणाऱ्यांचा कौल बहुतेक एका सोयीवर ठरतो. तिसऱ्यात कुठल्याही वस्तूचा आणि कपड्याचा रंग, पोत, नक्षी बदलता येते. खुर्चीचं लाकूड वेगळं, गादी वेगळी, शिवण वेगळी. आणि एका वस्तूवरची नक्षी उचलून दुसरीवर टाकता येते. साडीचे काठ हिरवे आणि अंग जांभळं हवं, तर ते तसं करता येतं. चौथ्यात कंपनीने दिलेले ठरावीक रंग, त्यांतलाच एक निवडायचा. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेला 'फॅशन स्ट्रीट' कपड्यांचा संच ऑक्टोबर २०२१मध्ये चौथ्यासाठी आला. कपडे देखणे आहेत, पण रंग दिलेत तेवढेच. उलट, बांधकामात चौथा फार पुढे आहे. अख्खी खोली फर्निचरसकट उचलून दुसरीकडे ठेवता येते, भिंतींच्या उंचीचे तीन पर्याय आहेत, छपराला बाक देता येतो, २०२०पासून खोलीच्या आत चौथरेही घालता येतात. तिसऱ्यात भिंत चुकली की पाडा आणि पुन्हा बांधा.

बिघाड कुठे होतात

तिसरा भाग अख्खं गाव सतत चालवतो आणि विंडोजवरचा हा गेम ३२-बिट आहे. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये १६ जीबी रॅम असली तरी गेमला त्यातली फार तर ४ जीबी वापरता येते. ती भरली की सेव्ह करताना 'एरर १२' येतो. सेव्ह होतच नाही आणि त्या बैठकीतला खेळ हातचा जातो. टास्क मॅनेजर उघडा ठेवा; आकडा साडेतीन जीबीच्या आसपास गेला की सेव्ह करून गेम बंद करून पुन्हा सुरू करा. नेहमी 'सेव्ह अ‍ॅज' वापरून दोन नावं आलटून पालटून ठेवा. 'जनरेशन्स' हा पॅक (मूळ गेमला जोडायची विकतची भर) असेल तर आठवणी साठवायचा पर्याय बंद करा, कारण त्याने सेव्ह फुगत जाते. फाइल बिघडलीच, तर सेव्ह फोल्डरमध्ये 'बॅकअप' शेपूट असलेली तिची प्रत असते. बिघडलेली बाजूला काढा आणि प्रतीच्या नावातलं ते शेपूट काढून टाका.

डॉक्युमेंट्समधल्या 'द सिम्स ३' फोल्डरात नावाच्या शेवटी 'कॅश' असलेल्या पाच पॅकेज फाइली असतात: कासपार्ट, कंपोझिटर, सिमकंपोझिटर, स्क्रिप्ट आणि सोशल. त्या अधूनमधून पुसल्या तरी काही बिघडत नाही, गेम नव्याने बनवतो. फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात ते, या गेमला स्वतःला आवरत नाही. नव्या ग्राफिक्स कार्डावर तो शेकड्यांत जातो आणि कार्ड उगाच तापतं. म्हणून कार्डच्या कंट्रोल पॅनेलमधून ६०ची मर्यादा घाला. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरवर गेम सुरूच होत नसेल, तर त्यासाठी खेळाडूंनी बनवलेला पॅच आहे. गेम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नका.

गाव अडखळायला लागलं तर बहुधा कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असतं आणि गेम त्याची वाट शोधत बसलेला असतो. इस्ला पॅराडिसो या बेटावर हा त्रास सर्वांत जास्त, हाउसबोटींच्या भोवती खास करून. 'रिसेटसिम' आणि पुढे तारांकन टाइप केलं की सगळे सिम एकदम मोकळे होतात. एनरासचा 'ओव्हरवॉच' हीच साफसफाई रोज रात्री आपोआप करतो आणि 'एररट्रॅप' बिघडलेल्या नोंदी पकडतो. पहिल्या दिवसापासून दोन्ही घालावेत असं माझं ठाम मत आहे.

चौथ्यात सेव्ह सहसा बुडत नाही. प्रत्येक सेव्हच्या आधीच्या पाच प्रती गेम स्वतः ठेवतो आणि लोडच्या पडद्यावरून त्या परत आणता येतात. इथे जिवावर उठतात ती अपडेट्स. गेम अजून चालू असल्यामुळे अपडेट येत राहतात, प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मॉड आपोआप बंद होतात आणि काही खरोखरच मोडतात. बटणं दिसेनाशी झाली, मेनू रिकामे आले, तर मॉड फोल्डर बाहेर काढून आधी कोरा गेम चालवून बघा. ठीक चालला तर अर्धे मॉड परत घाला. बिघाड आला तर त्या अर्ध्यांचे पुन्हा अर्धे करा, नाहीतर उरलेल्या अर्ध्यांकडे वळा. दर वेळी 'लोकलथंबकॅश' फाइल पुसायला विसरू नका, नाहीतर काढलेल्या मॉडची भुतं मागे राहतात. स्क्रिप्ट मॉड (गेमचा कोड बदलणारा मॉड) एकापेक्षा जास्त फोल्डरांच्या आत ठेवला तर तो चालतच नाही.

पॅक विकत घेताना सर्वांत जास्त घोळ होतो, कारण नावं मिळतीजुळती आहेत आणि एकाचा पॅक दुसऱ्यात चालत नाही. 'सीझन्स' दोन्हींत आहे. तिसऱ्यात सण ठरलेले, पण नको असलेला ऋतू बंद करता येतो. चौथ्यात चारही ऋतू येतातच, लांबी ७, १४ किंवा २८ दिवस. पण कॅलेंडरवर स्वतःचा सण बनवता येतो. 'गणेशोत्सव' असं नाव द्या, चिन्ह निवडा, मेजवानी, भेटी, सजावट अशा पाचपर्यंत प्रथा जोडा, नोकरीला आणि शाळेला सुट्टी आहे की नाही ते ठरवा. मराठी घर उभं करणाऱ्यांनी हा पॅक आधी घ्यावा. कॉलेजचंही तेच: तिसऱ्यात सिम वेगळ्या विद्यापीठाच्या गावी जातो आणि पदवीला ४८ क्रेडिट लागतात. चौथ्यात घरी राहून शिकता येतं, पदवीला १२ विषय, एका सत्रात जास्तीत जास्त चार.

पैशांचं गणित वेगळं आहे. चौथ्याचा मूळ गेम १८ ऑक्टोबर २०२२पासून फुकट आहे, खर्च पॅकचा. मोठा पॅक ३९.९९ डॉलरला, छोटा किट त्याहून बराच स्वस्त. तिसऱ्याचा मूळ गेम विकतच घ्यावा लागतो, पण त्याचे ११ मोठे पॅक कधीच पूर्ण झाले आहेत आणि सेलमध्ये एकत्र स्वस्तात मिळतात; तिथे 'अँबिशन्स' आणि 'सीझन्स'पासून सुरुवात करा. गावभर फिरणं, पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावची गोष्ट आणि रंगांचं वेड असेल तर तिसरा. घरं बांधणं, चेहरे, लहान मुलं किंवा जुना लॅपटॉप असेल तर चौथा. त्याला किमान ४ जीबी रॅम पुरते.

दोन्ही गेम एकाच कॉम्प्युटरवर बिनधास्त राहतात. डॉक्युमेंट्समध्ये दोघांचे फोल्डर वेगळे असतात. तिसऱ्याचे मॉड 'मॉड्स'च्या आत 'पॅकेजेस' नावाचा फोल्डर स्वतः बनवून त्यात टाकायचे आणि शेजारी 'रिसोर्स' कॉन्फिग फाइल ठेवायची. चौथ्यात 'मॉड्स' फोल्डर तयारच मिळतो. दोन्हींच्या मॉड फाइलींच्या शेवटी 'पॅकेज' हेच असतं, म्हणून डाउनलोड करतानाच फाइल कुठल्या भागाची आहे ते नावात लिहून ठेवा.