मालकीची ऑपरेटिंग सिस्टीम आणि मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टीम

या दोन प्रकारांतला फरक बहुधा किमतीवरून सांगितला जातो आणि गल्लत तिथेच होते. ॲपलच्या मॅकओएसची नवी आवृत्ती २०१३ पासून विनामूल्य मिळते, तरी ती मालकीचीच प्रणाली आहे. उलट रेड हॅट ही कंपनी लिनक्स या मुक्त स्रोत गाभ्यावर आधारलेल्या प्रणालीसाठी वर्गणी घेते. फरक आहे तो परवान्याचा. विंडोज घेणाऱ्याला ती वापरण्याची परवानगी मिळते, पण तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, पाहण्याचा, त्यात फेरफार करण्याचा किंवा प्रती वाटण्याचा हक्क मिळत नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्सचा गाभा (कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांना जोडणारा मूळ भाग) मात्र कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. बदललेली प्रत वाटणाऱ्याने तिचा कोडही त्याच अटींवर खुला करावा, एवढेच बंधन असते. उबुंटू, फेडोरा आणि लिनक्स मिंट याच गाभ्यावर उभ्या आहेत.

ज्याला कोडची एक ओळही वाचायची नाही, त्याला याचा काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे ठणठणीत चालणारे अनेक संगणक एका कंपनीच्या निर्णयाने अधिकृत यादीबाहेर पडले. त्यांपैकी बहुतेकांवर लिनक्स मिंट चालते आणि सुरक्षा अपडेट मिळत राहतात. मुक्त प्रणालीच्या आवृत्त्याही कालबाह्य होतात, पण एका गटाने सोडलेले काम दुसऱ्या गटाला पुढे नेता येते. माझ्या मते सामान्य वापरकर्त्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

कोड उघडा म्हणजे सुरक्षित, हे समीकरण मात्र भाबडे आहे. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या मुक्त साधनात, विश्वास संपादन केलेल्या एका देखभालकर्त्याच्या नावाने चोरवाट, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची सोय, घुसवली गेली. दूरच्या संगणकावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला खटकले आणि शोध घेतल्यावर ती उघडकीस आली. कोड उघडा असल्याने ती टळली नाही, पण बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आले.

फोटोशॉप, काही ऑनलाइन खेळ किंवा एखादे खास कार्यालयीन सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर लिनक्सचा हट्ट धरू नये. लिबरऑफिस हे मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर वर्डच्या फाइली उघडते, पण गुंतागुंतीचे तक्ते कधीकधी पानावरून सरकतात. निर्णयापूर्वी लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा. डिस्कवरचे काही न पुसता वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासता येतात. लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडून पाहायला विसरू नये, कारण काही लॅपटॉप नेमके तिथेच अडतात.