जमीन म्हणजे कुकर नव्हे

हिंगोलीकडे किंवा डहाणू-तलासरीत भूकंपाचा लहानसा धक्का बसला की अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर एक दिलासा फिरायला लागतो. घाबरू नका, थोडी थोडी ऊर्जा बाहेर पडतेय ते बरंच आहे, मोठा धक्का टळला! सांगणारा बहुधा शिकलेला असतो आणि त्याची उपमाही ठरलेली असते, कुकरच्या शिट्टीची. वाफ जात राहिली की कुकर फुटत नाही.

हाच दिलासा २००९ साली इटलीत टीव्हीवरून दिला गेला. पुढच्या आठवडाभरात त्या शहरात आणि आसपासच्या गावांत ३०९ माणसं गेली.

शहराचं नाव लाक्विला. अ‍ॅपेनाइन डोंगररांगेतलं जुनं, दगडी इमारतींचं, विद्यापीठाचं गाव. १४६१ आणि १७०३ च्या भूकंपांनी ते उद्ध्वस्त केलं होतं. त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची एक रीतच होती. रात्री धक्का जाणवला की पोरंबाळं आणि पांघरुणं घेऊन चौकात यायचं, नाहीतर गाडीत झोपायचं. त्यासाठी कुणाला विचारायला जायचं नाही.

२००९ च्या सुरुवातीपासून तिथे बारीकबारीक धक्के चालू होते. त्यातच एक तंत्रज्ञ जमिनीतून येणारा रेडॉन वायू मोजून मोठ्या भूकंपाचं भाकीत करू लागला. रेडॉनवरून भूकंपाची वेळ सांगण्याची खात्रीची पद्धत आजही कुणाकडे नाही, पण लोक हवालदिल झाले. ३० मार्चला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी आयोगाचे तज्ज्ञ शहरात बैठकीला आले. बैठक जेमतेम तासभर चालली. त्याच दिवशी नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी टीव्हीच्या प्रतिनिधीला सांगितलं की धोका नाही, ऊर्जा सतत बाहेर पडतेय म्हणून परिस्थिती उलट अनुकूलच आहे. मग वाइनचा एखादा ग्लास घ्यायला हरकत नाही ना, असं विचारल्यावर त्यांनी हसून मोन्तेपुल्चानो या वाइनचं नाव घेतलं. ही मुलाखत बैठकीच्या आधीच चित्रित झालेली होती!

५ एप्रिलला रात्री अकराच्या सुमारास ३.९ चा धक्का बसला, मध्यरात्र उलटल्यावर आणखी एक. काही लोक रीतीप्रमाणे बाहेर पडले. काहींनी टीव्हीवर ऐकलेलं आठवलं आणि ते घरात थांबले. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला. त्या रात्री घरात का राहिलो, हे वाचलेल्या नातेवाइकांनी पुढे कोर्टात सांगितलं.

त्या 'अनुकूल' परिस्थितीचा हिशेब कागदावर मांडून बघा. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते, दोनाने वाढला की हजार पट. म्हणजे ६.३ च्या भूकंपातली ऊर्जा ४.१ च्या धक्क्यांनी 'हळूहळू' काढायची तर असे सुमारे दोन हजार धक्के लागतील. तीनच्या धक्क्यांनी काढायची तर जवळजवळ नव्वद हजार. इतके धक्के कुठे बसले होते? जमिनीखालच्या भेगेत अडकलेल्या खडकांची अवस्था पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेल्या दारासारखी असते. आपण खांदा लावून ढकलतो, ते कुरकुरतं, पुन्हा कुरकुरतं. त्या आवाजाचा अर्थ एवढाच की ढकलणं चालू आहे. पुढे दार तसंच अडकून राहील की धाडकन उघडेल, हे त्यावरून कळत नाही.

गंमत अशी की कुकरची उपमा ज्वालामुखीला बरीचशी लागू पडते, पण तिथे ती उलटी वाचावी लागते. फिलिपिन्समधला पिनातुबो १९९१ च्या एप्रिलमध्ये जागा झाला. त्यातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मे महिन्याच्या मध्याला दिवसाला ५०० टन होता, तो दोन आठवड्यांत ५००० टनांच्या वर गेला. मग जूनच्या सुरुवातीला एकदम तीनशेच्या आत आला. शिट्टी थांबली, पण खालची आच चालूच होती. शास्त्रज्ञांनी याचा अर्थ शांतता असा लावला नाही. वाट बुजली असावी, असं त्यांना वाटलं. इशाऱ्याची पातळी ५ जूनला तीन, ७ ला चार, ९ ला पाच अशी चढत गेली. शिवाय त्यांनी अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना नुसते आलेख दाखवले नाहीत. उद्रेकात तापलेली राख आणि चिखलाचे लोंढे गावांचं काय करतात, त्याची व्हिडिओ फीत दाखवली. हजारो लोक हलले. १५ जूनचा महाउद्रेक विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक ठरला, तरी मृतांचा आकडा शेकड्यांत राहिला. तेही बरेचसे त्याच दिवशी आलेल्या वादळाच्या पावसात राख भिजली आणि छपरं तिच्या वजनाने बसली म्हणून.

भूकंपवाल्यांच्या नशिबी अशी चढती पायरी नसते. लाक्विलाच्या खटल्यात २०१२ साली त्या बैठकीतल्या सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली आणि 'भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञ तुरुंगात' अशा बातम्या जगभर छापून आल्या. आरोप तो नव्हता, धोक्याचं मोजमाप वरवर करून खोटा धीर दिल्याचा होता. २०१४ मध्ये सहा तज्ज्ञ अपिलात सुटले. शिक्षा कायम राहिली ती वाइनवाल्या अधिकाऱ्याची, तीही दोन वर्षांवर आली. मला हा निकाल बराचसा न्याय्य वाटतो, पण ऊर्जा बाहेर पडतेय हा दिलासा तज्ज्ञांपैकी कुणी भूकंपाआधी जाहीरपणे खोडून काढला नाही, हे विसरता येत नाही.

आपल्याकडेही किल्लारी परिसरात १९९२ मध्ये धक्क्यांची माळ लागली होती. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला, गणेश विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने लादलेल्या माळवदाखाली.

धक्क्यांची माळ लागते तेव्हा मोठ्या भूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा शेकडो पट वाढू शकते. तरीही ती बहुधा दिवसाला शंभरात एकाहून कमीच असते. या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगणं अवघड आहे. मला कुणी मजकूर लिहायला सांगितला तर मी असा लिहीन: 'मोठा धक्का येईलच असं नाही, येणार नाही असंही नाही. शक्यता वाढली आहे, पण अजून कमी आहे. घर दगडमातीचं किंवा तडे गेलेलं असेल तर काही रात्री अंगणात काढा. काही झालं नाही तर सल्ला चुकला असं समजू नका.'

व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलायला हे जरा लांब होतं खरं.