ओमाहा हाय-लो

ओमाहा हाय-लो हा पॉट, म्हणजे डावात जमलेले पैसे, विभागून जिंकण्याचा पोकरचा प्रकार आहे. अर्धा पॉट सर्वांत मोठ्या हँडला (पाच पानांच्या संचाला) म्हणजे हायला जातो, अर्धा सर्वांत लहान हँडला म्हणजे लोला. लो लागायला पाचही पाने अठ्ठी किंवा तिच्याखालची असावी लागतात, म्हणून या खेळाला ‘एट ऑर बेटर’ किंवा नुसते ‘ओमाहा एट’ असेही म्हणतात. लो कोणालाच लागला नाही, तर सगळा पॉट हायचा.

मूळचा ओमाहा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट टर्नर यांनी लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोत बिल बॉइड यांना दाखवला. तिथे तो ‘नगेट होल्डेम’ या नावाने सुरू झाला. पाच खेळ आळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या ‘हॉर्स’ स्पर्धांतले ‘ओ’ हे अक्षर ओमाहा हाय-लोचेच.

प्रत्येकाला चार पाने बंद मिळतात. बोली झाली की टेबलावर तीन पाने उघडतात (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचे (रिव्हर), आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा बोली. हा खेळ बहुधा ठरावीक बोलीने, म्हणजे लिमिटने खेळतात. ४/८ च्या टेबलावर ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या बोली, २ आणि ४ चे असतात, पहिल्या दोन फेऱ्यांत बोली ४ ची आणि पुढच्या दोनमध्ये ८ ची. तीन पत्तीत मुरलेल्यांनी एक गोष्ट आधीच विसरावी: तिथे सिक्वेन्स रंगाला मारते, पोकरमध्ये रंग सिक्वेन्सला मारतो.

खरी मेख एका नियमात आहे. हँड करताना हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन पाने घ्यायची, एकही कमी किंवा जास्त नाही. टेबलावर चार बदाम आहेत आणि हातात बदामचा एकटा एक्का, तर रंग नाही. टेबलावर ९-९-९-४-२ आणि हातात एक्का-राजा-राणी-४ असेल, तर डोळ्यांना फुल हाउस (एका दर्जाची तीन आणि दुसऱ्या दर्जाची दोन पाने) दिसते, पण आहेत फक्त तीन नव्व्या. अशा टेबलावर फुल हाउससाठी जोडी हातातच हवी. याच कारणाने एकाच दर्जाची तीन पाने हातात येणे हे दुर्दैव: तिसरे पान वापरता येत नाही आणि गड्डीतून आपलेच उपयोगी पान कमी होते. हायसाठी एक जोडगोळी आणि लोसाठी दुसरी घेतलेली मात्र चालते, एखादे पान दोन्हीकडे वापरले तरी हरकत नाही.

लोमध्ये एक्का सर्वांत लहान, पाचही पाने वेगवेगळ्या दर्जाची हवीत, आणि रंग किंवा सिक्वेन्स आड येत नाही. त्यामुळे एक्का-२-३-४-५ हा सर्वोत्तम लो असून शिवाय हायलाही सिक्वेन्स म्हणून चालतो. तुलना मोठ्या पानापासून करायची. सोपी युक्ती अशी की पाने उतरत्या क्रमाने लावून एक्का १ धरून पाच आकडी संख्या वाचावी. लहान संख्या जिंकते. ८५४३२ हा ८६४२१ पेक्षा चांगला, दुसऱ्यात एक्का असला तरी. टेबलावर अठ्ठीपर्यंतची तीन वेगळी पाने नसतील तर लो शक्यच नाही. पाचही पाने उघडेपर्यंत तशी तीन पाने येण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते.

नवशिका एक्का-दुर्री पाहून हुरळतो आणि तिथेच पैसे घालवतो. टेबलावर इस्पिक ७, बदाम ४, चौकट ३, किलवर राजा, इस्पिक १० आहेत असे धरा. पहिल्याकडे किलवर एक्का, बदाम २, चौकट राणी, इस्पिक गुलाम. दुसऱ्याकडे चौकट एक्का, किलवर २ आणि बदाम व इस्पिक राजे. पहिल्याला एक्क्यापासून दश्शीपर्यंत सिक्वेन्स दिसते, पण त्यात हातातली तीन पाने लागतात, म्हणून ती बाद. लो दोघांचा सारखाच, ७-४-३-२-एक्का. दुसरा तीन राजांवर हायही घेतो, म्हणजे पाऊण पॉट त्याचा आणि पाव पहिल्याचा. दोघांनी १००-१०० घातले असतील तर सर्वोत्तम लो हातात असूनही पहिल्याला ५० परत मिळतात. तिसरा हरणारा १०० घालून बसला असेल तर ७५. चौथा असेल तेव्हा कुठे घातलेले निघतात. म्हणून फक्त लो असताना, समोर एकच गडी असेल तर, बोली वाढवत नेऊ नये.

दुसरा धोका कापला जाण्याचा. हातात एक्का-दुर्री असताना टेबलावर दुर्री आली की आपली दुर्री निकामी होते. सोबत तिर्री असेल तर तीच तारते. म्हणून दोन एक्के, दुर्री, तिर्री आणि दोन्ही एक्क्यांना त्यांच्या रंगाचा जोडीदार, ही सुरुवातीची सर्वांत जबर पाने मानतात. सगळा पॉट एकट्याने उचलणे हेच ध्येय, आणि ही पाने दोन्ही दिशांना जातात. उलट ७-८-९-१० सारखी मधली पाने सरळ पॅक करावीत: त्यांना सिक्वेन्स लागते ती बहुधा लहान पाने उघडल्यावर, म्हणजे अर्धा पॉट आधीच गेलेला. फ्लॉपवर दोन लहान पाने आली आणि हातात एक्का-दुर्री व दोन मोठी पाने असतील, तर उघडी पाने एक्का-दुर्रीपेक्षा वेगळी असल्यास, रिव्हरपर्यंत लो पुरा होण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के. म्हणजे पाचांतून दोनदा हाती काहीच लागत नाही.

पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. सरावाला गड्डी आणि बटणे पुरतात. चार जणांची पाने उघडी वाटावीत, पाच पाने टेबलावर मांडावीत आणि प्रत्येकाचा हाय आणि लो मोठ्याने बोलावा. हातातल्या चार पानांच्या सहा जोड्या होतात; सुरुवातीला त्या सहाही बोटाने दाखवत तपासाव्यात. पाने दाखवताना चारही उघडी टाकायची, कारण कॅसिनोत पाने बोलतात, खेळाडू नाही. हाय हरलेला पाहून पाने पालथी फेकली, तर जिंकलेला लोही त्यांच्याबरोबर जातो. अर्धे करताना एखादी चिप उरली तर ती हायला द्यायची, आणि साइड पॉट (एखाद्याचे पैसे संपल्यावर बाकीच्यांचे वेगळे जमलेले पैसे) असतील तर प्रत्येकाचे वेगळे भाग करायचे.