सैनिकजीवनाचे युद्धभूमीवरील चित्रण

युद्धक्षेत्रात तैनात असलेल्या तुकडीबरोबर राहून सैनिकांची रोजची दिनचर्या टिपण्याची माहितीपटाची एक पद्धत. तिच्यात चकमकी थोड्या आणि पहारा, बंदुकीची साफसफाई, वाळूची पोती रचणे, पत्ते, घरच्या आठवणी, चेष्टामस्करी हे जास्त. काहीच न घडणारे तास हाच तिचा खरा ऐवज. त्या तासांतच सैनिकांना कॅमेऱ्याची सवय होते.

पूर्वी हे परवडत नसे. दुसऱ्या महायुद्धात सर्रास वापरल्या गेलेल्या आयमो कॅमेऱ्यात १०० फुटांचे ३५ मिमी रीळ बसे; ते जेमतेम मिनिटभर चाले. मग कंटाळ्यावर फिल्म कोण खर्च करणार? त्याआधी १९१६ साली पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईवर निघालेल्या ब्रिटिश चित्रपटात तर खंदकातून उसळून बाहेर पडणाऱ्या सैनिकांचे गाजलेले दृश्य आघाडीमागे मुद्दाम घडवून घेतलेले होते. हलके १६ मिमी कॅमेरे आणि सोबत नेता येणारी ध्वनियंत्रे आल्यावर चित्र पालटले. फ्रेंच दिग्दर्शक पिएर शोंदोर्फेर १९६६ मध्ये व्हिएतनाममधील एका अमेरिकी प्लाटूनबरोबर सुमारे सहा आठवडे राहिला. तो स्वतः लष्करी कॅमेरामन म्हणून व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे, १९५४ च्या फ्रेंच पराभवात, युद्धकैदी झालेला. सैनिकांची भाषा त्याला शिकावी लागली नाही. त्याच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले.

अडचण मात्र जुनीच आहे. अन्न, वाहन, संरक्षण सगळे सैन्याचे, त्यामुळे कॅमेराही सैन्याच्याच बाजूने पाहू लागतो. पलीकडचा गावकरी बहुधा दुरूनच दिसतो. इराकमध्ये २००३ साली तुकड्यांना जोडून दिलेल्या पत्रकारांवर ठिकाण आणि पुढील हालचाली उघड न करण्याचे बंधन होते. कायद्याने असा पत्रकार नागरिकच असतो (१९७७चा पहिला जिनिव्हा पूरक करार, कलम ७९). सैन्याच्या परवानगीने सोबत असताना पकडला गेल्यास मात्र त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो.

टिम हेदरिंग्टन आणि सेबास्टियन युंगर यांनी २००७-०८ मध्ये अफगाणिस्तानातील कोरेंगल खोऱ्यात एका डोंगरी चौकीवर फेऱ्या मारून चित्रण केले. निवेदक ठेवला नाही. सैनिकांच्या मुलाखती नंतर इटलीतील त्यांच्या तळावर, अगदी जवळून घेतल्या. तो माहितीपट जून २०१०मध्ये चित्रपटगृहांत लागला तेव्हा ती चौकी उरली नव्हती. एप्रिलमध्येच अमेरिकी सैन्य ते खोरे सोडून गेले होते.