लवचिक कामकाजाची मागणी (ब्रिटन)

कामाचे तास, वेळ किंवा ठिकाण बदलून मिळावे, अशी मागणी नोकरदाराने मालकाकडे रीतसर करणे व मालकाने तिचा ठरावीक मुदतीत निकाल देणे, अशी ब्रिटनमधील कायदेशीर व्यवस्था. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे ती १९९६ च्या रोजगार हक्क कायद्याखाली चालते. उत्तर आयर्लंडचा कायदा स्वतंत्र आहे. अर्धवेळ काम, दोघांनी मिळून एक पद सांभाळणे, आठवड्याचे तास कमी दिवसांत पुरे करणे, केवळ शाळेच्या सत्रांत कामावर येणे, घरून काम करणे असे अनेक प्रकार तीत मोडतात.

कामाच्या वेळा सैल ठेवण्याची पद्धत याहून जुनी असून, म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथील विमानउद्योगात १९६७ साली ती सुरू झाली, तेव्हा सर्वांनी एकाच वेळी येण्याजाण्याने होणारी वाहनांची कोंडी टाळणे हा तिचा हेतू होता. ब्रिटनमध्ये हक्काचे रूप आले ते मुलांच्या संगोपनाच्या प्रश्नातून. ६ एप्रिल २००३ पासून सहा वर्षांखालील मुलांच्या व अठरा वर्षांखालील अपंग मुलांच्या पालकांना अर्ज करता येऊ लागला. २००७ मध्ये प्रौढ आप्तांची शुश्रूषा करणाऱ्यांचा समावेश झाला. ३० जून २०१४ पासून २६ आठवडे नोकरी झालेला प्रत्येक कर्मचारी पात्र ठरला आणि ६ एप्रिल २०२४ पासून तीही अट गेली.

अर्ज लेखी व तारखेसह असावा लागतो, आणि कोणता बदल कधीपासून हवा हे त्यात नमूद करावे लागते. बारा महिन्यांत दोन अर्ज करता येतात. निकाल दोन महिन्यांत द्यावा लागतो आणि अर्जदाराशी चर्चा केल्याविना नकार देता येत नाही. या बदलाचा धंद्यावर काय परिणाम होईल, हे अर्जदारानेच सांगावे असा पूर्वीचा दंडक २०२४ मध्ये रद्द झाला. तरीही ते सांगणे अर्जदाराच्या हिताचेच असते, कारण नकाराची आठ कायदेशीर कारणे (वाढता खर्च, ग्राहकांची गैरसोय, कामाची फेरवाटणी किंवा नवी भरती अशक्य असणे, दर्जा वा कामगिरी घसरणे, मागितलेल्या वेळेत पुरेसे काम नसणे, नियोजित फेररचना) इतकी ऐसपैस आहेत की नकार देऊ इच्छिणाऱ्याला त्यांतले एखादे सहज सापडते.

मान्य झालेला बदल, वेगळे ठरले नसल्यास, नोकरीच्या करारातील कायमचा बदल ठरतो. तास कमी झाले की पगारही त्या प्रमाणात घटतो, आणि पूर्ववत होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून काही काळ प्रायोगिक तत्त्वावर बदल मागणे अधिक शहाणपणाचे असते.

नियमभंगाबद्दल रोजगार न्यायाधिकरण जास्तीत जास्त आठ आठवड्यांच्या वेतनाइतकी भरपाई देऊ शकते, आणि त्या आठवड्याच्या वेतनालाही कमाल मर्यादा आहे. खरा धाक समानता कायदा, २०१० याचा असतो: लहान मुलाच्या आईला वेळ बदलून न दिल्यास अप्रत्यक्ष लिंगभेदाचा दावा होऊ शकतो व त्यातील भरपाईला कमाल मर्यादा नाही.

भारतात सर्व नोकरदारांसाठी असा कायदा नाही. मातृत्वलाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली, परंतु ती कामाच्या स्वरूपावर व उभयतांच्या संमतीवर सोपवलेली असून, तीत निकालाची मुदत किंवा नकाराचे कारण देण्याचे बंधन नाही.