कडक वेगळं, चिवट वेगळं: पिल्लाला चावायला नक्की काय द्यायचं

"पिल्लू सगळं फाडतंय, काहीतरी स्ट्राँग सुचवा" असं कुत्रे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी विचारलं की खाली उत्तरं ठरलेलीच असतात. नायलॉनचं हाड घ्या, शिंग घ्या, चुरपी (दुधाचं वाळवून दगडासारखं कडक केलेलं चीज) घ्या, आमच्याकडे वर्षभर तेच चालू आहे. हाड वर्षभर टिकलं हे खरं असेल हो, पण वर्षाच्या शेवटी कुत्र्याचं तोंड उघडून मागच्या दाढा कुणी बघितल्यात का?

मऊ खेळण्यांबद्दल फार बोलत नाही, ती सगळ्यांना माहितीयेत. कापसाचं टेडी, चूंचूं वाजणारं पातळ बदक. ही फाटतात, आतली शिट्टी बाहेर येते, पिल्लू ती गिळतं. आपण समोर असताना फेकाफेकी करायला ठीक, चावायला नाही. विषय संपला.

खरा घोळ आहे तो कडक आणि चिवट यांच्यातला. दुकानात दोन्ही एकाच दांडीला लटकतात, दोन्हीच्या पाकिटावर "टफ" लिहिलेलं असतं आणि दुकानदार दोन्हीला "तुटणारच नाही" म्हणतो. कडक म्हणजे दाबलं तरी जे दबतच नाही ते, आणि चिवट म्हणजे दाबलं की दबतं, सोडलं की परत होतं तसं होतं आणि तुकडाही पडत नाही. काचेची बांगडी कडक असते, सायकलचा टायर चिवट असतो, आणि रोज मार खाऊन कोण टिकतं ते सांगायला नको. पिल्लाला टायरच्या जातीचं काहीतरी हवं असतं, आपण मात्र नखाने टकटक करून बघतो आणि जे जास्त वाजेल ते घरी घेऊन येतो.

आता याने फरक काय पडतो, तर पिल्लू जोर लावतं तेव्हा दोघांपैकी एकाला माघार घ्यावीच लागते, खेळण्याला नाहीतर दाताला. आणि कुत्र्याचा दात आपल्याला वाटतो तेवढा दणकट नसतो. माणसाच्या दाढेवरचं एनॅमल, म्हणजे दातावरचं बाहेरचं कवच, काही ठिकाणी 2 मिलिमीटरच्याही वर जातं, कुत्र्याचं जेमतेम 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी. त्यात कुत्रा आपल्यासारखं दळत नाही, वरची आणि खालची दाढ कात्रीसारखी एकमेकीला घासून जातात. मधे न दबणारी वस्तू आली की वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजू ढलपी निघाल्यासारखी सुटते. आतली नस उघडी पडते, दुखतं, पण कुत्रा जेवण सोडत नाही त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही, आणि मग एक दिवस डोळ्याखाली सूज दिसते. त्यानंतर भूल देऊन दात काढणं किंवा रूट कॅनाल, दुसरा रस्ता नाही.

पिल्लाचं तर अजून नाजूक काम. दुधाचे दात 28, सुईसारखे पातळ. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. दुधाचा दात मोडला तर "पडणारच होता की" म्हणून सोडून देऊ नका, आत इन्फेक्शन गेलं तर खाली तयार होणारा पक्का दातही बिघडू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

काँग या कंपनीची कुत्र्यांसाठीची लाल पोकळ रबरी खेळणी बऱ्याच जणांनी बघितली असतील. कंपनी स्वतःची गोष्ट सांगते ती अशी, की 1970 च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दातांची वाट लावत होता, आणि जुन्या फोक्सवॅगन व्हॅनच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग हाती लागल्यावर त्याने दगड सोडला. म्हणजे या खेळण्याचा जन्मच कडक सोडून चिवटाकडे जाण्यातून झाला. आणि तरी लोक त्याच कंपनीचं काळं घेऊन येतात, "लालपेक्षा स्ट्राँग" म्हणून, तीन महिन्यांच्या लॅब्राडोर पिल्लाला! काळं हे जबरदस्त चावणाऱ्या मोठ्या कुत्र्यांसाठी असतं. पिल्लांचं वेगळं येतं, फिक्या गुलाबी किंवा निळ्या रंगात, त्याचं रबरच मऊ असतं. आकार तोच आहे म्हणून फसू नका.

दुकानात उभ्याउभ्या तपासायचं तर अंगठ्याचं नख जोरात रुतवा. खूण उमटली किंवा वस्तू जरा दबली तर घ्या. काहीच झालं नाही तर ते हलक्या हाताने स्वतःच्या गुडघ्यावर आपटून बघा, "आई गं" झालं तर पिल्लाच्या दातालाही तेच होणार. यात नायलॉनची बहुतेक हाडं नापास होतात, शिंग, खूर आणि चुरपी तर होतातच. चुरपी नैसर्गिक आहे, दुधाची आहे, सगळं मान्य, पण दगडही नैसर्गिकच असतो.

बाकीचं पटकन. साइज अशी हवी की अख्खं खेळणं तोंडात मावता कामा नये, आणि पिल्लू वाढतं, तेव्हा दोन महिन्यांनी परत बघा. पोकळ रबराला दोन भोकं हवीत, एकच असेल तर आत हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. चामड्याची पांढरी गाठीची हाडं मी कुणालाच सुचवत नाही, चघळून लिबलिबीत झाली की मोठा तुकडा तसाच गिळला जातो. शिजवलेल्या मटण-चिकनच्या हाडांचे टोकदार तुकडे होतात, ती तर नकोच. दोरीचे धागे सुटायला लागले की दोरी कचऱ्यात, पोटात गेलेला लांब धागा आतडं गोळा करतो. आणि पाकिटावर ISI शोधत बसू नका, खेळण्यांवरची ती सक्ती 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, कुत्र्यांच्या नाही.

हिरड्या शिवशिवत असतील तर रबरी खेळण्यात दही-भात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून फ्रीजरमध्ये ठेवा, थोडा वेळच, पार दगड होईपर्यंत नको, नाहीतर आपण परत कडकवरच आलो. कांदा-लसूण घातलेलं काही भरू नका, आणि पीनट बटर वापरणार असाल तर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) नाही ना ते डब्यावर वाचा, ते कुत्र्यांना विष आहे.

चिवट रबरही कधीतरी फाटणारच, त्यात पैसे बुडाले असं काही नाही, दाताऐवजी ते फाटलं एवढंच. आठवड्यातून एकदा हातात घेऊन वाकवून बघा, भोकाच्या कडेला चीर दिसली किंवा तुकडा गायब असला तर टाकून द्या. तुकडा गिळल्याची शंका असेल आणि पिल्लू उलट्या करतंय, खात नाही, शी होत नाही असं काही दिसलं तर घरगुती उपाय विचारत बसू नका, लगेच व्हेटकडे न्या आणि उरलेलं खेळणं सोबत घेऊन जा, किती आत गेलंय ते त्यावरून डॉक्टरांना कळतं.